तीन बेल्ट आणि एक लाल रेघ

आमची गाडी सकाळी किंचाळते, ही बातमी इमारतीत सगळ्यात शेवटी मला कळली. मी साडेआठच्या बसने कामावर जातो आणि बायको गाडी बाहेर काढते नऊ वाजता. त्यामुळे माझ्या पाठीमागे काय चाललं आहे याचा मला पत्ता नव्हता. एका रविवारी खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी मला जिन्यात अडवलं आणि सांगितलं, "तुमच्या गाडीत मांजर अडकलंय. शंभर टक्के." या गृहस्थांना आम्ही त्यांच्या माघारी 'शंभर टक्के'च म्हणतो. ते भूगोलाचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले आहेत आणि नकाशात नदी दाखवावी तितक्या खात्रीने जगातली कुठलीही गोष्ट दाखवतात.

मांजर नव्हतं. बायकोने किल्ली फिरवली, गाडी एकदा खोकली आणि मग जी किंचाळली की दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"झाले तीन आठवडे."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काहीतरी केलं असतं," ती म्हणाली.

या बोलण्यातली खोच मी तेव्हा सोडून दिली, कारण त्याच आठवड्यात वाहन कार्यालयाचं पत्र आलं होतं. गाडीला पंधरा वर्षं पूर्ण झाली असून तिची तपासणी अमुक शुक्रवारी होईल. नापास झाल्यास नोंदणी रद्द करून गाडी भंगारात काढण्यात येईल. गाडी बायकोच्या नावावर आहे. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी ती याच गाडीवर चालवायला शिकली, दुसऱ्या गाडीला तिने आजवर हात लावलेला नाही. दर मंगळवारी आणि शनिवारी ती याच गाडीने शहराच्या दुसऱ्या टोकाला तिच्या आईकडे जाते आणि तिला डॉक्टरकडे, बागेत, मैत्रिणीकडे फिरवून आणते. सासूबाईंचे गुडघे जगातल्या दुसऱ्या कुठल्याही गाडीत बसायला वाकत नाहीत. हिच्या पुढच्या सीटची उंची त्यांना कशी कोण जाणे, बरोबर जमते. पत्र वाचल्यावर बायकोने ते फ्रिजवर लावलं आणि दोन दिवस येताजाता वाचत राहिली. मला ते बघवेना.

"तू काळजी करू नकोस," मी म्हणालो. "मी लक्ष घालतो."

"त्याचीच तर काळजी आहे," ती म्हणाली.

लक्ष घालणं हा माझा व्यवसायच आहे. मी वजनकाटे तपासण्याच्या खात्यात आहे. सव्वीस वर्षं मी दुकानादुकानांतून काटे तपासत फिरतो आहे, आणि या सव्वीस वर्षांत मला एकच गोष्ट शिकायला मिळाली : जो माणूस हसून स्वागत करतो त्याच्या काट्याखाली चुंबक असतं, आणि जो हसत नाही त्याच्या वजनांना आतून भोक असतं. घरचे याला संशयी स्वभाव म्हणतात. मी याला अनुभव म्हणतो.

प्रथम अर्ज भरणं आलं. वाहन कार्यालयाच्या अर्जात गाडीचा रंग निवडायचा असतो. आमच्या नोंदणीत 'राखाडी' लिहिलं आहे, अर्जाच्या यादीत राखाडी नव्हताच, 'चंदेरी' होता. मी चंदेरी निवडला. खिडकी क्रमांक तीनवरच्या बाईंनी अर्ज परत केला, कारण नोंदणीत राखाडी आहे. मी म्हणालो, यादीत राखाडी नाही. त्या म्हणाल्या, मग 'इतर' निवडा आणि पुढे रंग लिहा. 'इतर' निवडलं की लिहायची जागाच येत नव्हती. शेवटी खिडकी पाचवरच्या गृहस्थांनी हाताने 'राखाडी (चंदेरीसारखा)' असं लिहून शिक्का मारला. आजही सरकारदरबारी आमच्या गाडीचा रंग कंसात आहे.

मग किंचाळण्याचा तपास. मेहुण्याने फोनवरूनच आवाज ऐकला आणि "इंजिन गेलं" असं सांगून टाकलं. मेहुणा चष्म्याच्या दुकानात आहे. शंभर टक्क्यांनी मांजराची बाजू सोडून बेअरिंगची धरली. मी मात्र गाडीबरोबर आलेलं, पंधरा वर्षांत एकदाही न उघडलेलं पुस्तक काढलं. त्यात सोप्या शब्दांत लिहिलं होतं की अशा आवाजाला बहुधा बेल्ट कारणीभूत असतात. इंजिनाच्या बाजूला रबराचे पट्टे असतात. आमच्या गाडीला तीन आहेत : एक डायनॅमो आणि पाण्याचा पंप फिरवणारा, एक एसीचा आणि एक स्टिअरिंगचा. गाडी बंद आणि थंड असताना पट्टा मधोमध अंगठ्याने दाबायचा, अर्धं बोट खाली गेला तर ताण ठीक. आतल्या बाजूला भेगा, कडेला निघालेले दोरे किंवा आरशासारखी चकाकी दिसली तर पट्टा बदलायचा.

अंगठ्याने दाबायचं म्हटल्यावर माझं मन खट्टू झालं. माझ्या नोकरीत अंगठा हे गुन्ह्याचं हत्यार आहे. तराजूच्या पारड्यावर हळूच टेकलेले किती अंगठे मी पकडले असतील याची गणती नाही, आणि आता स्वतःच अंगठा टेकून माप घ्यायचं! तरी मी बॉनेट उघडलं. एक पट्टा अर्ध्याऐवजी दीड बोट खाली गेला. दुसऱ्याच्या आतल्या बाजूला वाळलेल्या तळ्यासारख्या भेगा होत्या. तिसऱ्याची कड इतकी विरली होती की एक दोरा माझ्या बोटाला गुंडाळून बाहेर आला. बॅटरीचा उजेड पाडायला शंभर टक्के वाकले आणि त्यांचा चष्मा इंजिनात पडला. तो काढायला मी हात घातला आणि माझं घड्याळ अडकलं. ही दोन्ही कामं आटपायला पाऊण तास गेला.

"खात्री करायची सोपी युक्ती आहे," शंभर टक्के म्हणाले. "गाडी चालू करायची आणि पट्ट्यावर थोडं पाणी शिंपडायचं. आवाज क्षणभर बदलला तर दोष पट्ट्याचा. शंभर टक्के."

युक्ती खरी असावी, पण 'थोडं' याचं प्रमाण त्यांनी सांगितलं नाही. मी स्वयंपाकघरातला पाण्याचा जग आणून ओतला. आवाज बदलला, म्हणजे थांबलाच. गाडीही थांबली, आणि पुन्हा चालू होईना. संध्याकाळी सात जणांनी मिळून ती कोपऱ्यापर्यंत ढकलली. सगळ्यात पुढे बायको होती आणि स्टिअरिंगवर मी होतो, हे इमारतीतल्या लोकांनी नंतर मला बऱ्याचदा ऐकवलं.

कोपऱ्याच्या पलीकडे बायकोच्या ओळखीचा मिस्त्री आहे. ती गाडी नेहमी त्याच्याकडेच टाकते. लांबट चेहरा, पांढऱ्या भुवया, बोलणं मोजकं. माणूस कमी बोलतो म्हणजे काहीतरी पोटात ठेवतो, हे मी पहिल्या मिनिटालाच ओळखलं. त्याच्या गॅरेजसमोर एक किल्ल्या करून देणारा बसतो, त्याचीही मी मनाशी नोंद करून ठेवली.

मिस्त्रीने इंजिन कोरडं केलं, कुणी पाणी ओतलं हे विचारलं नाही (हेही संशयास्पद), आणि म्हणाला, "ताई, तिन्ही बदलायला पाहिजेत."

"तिन्ही कसे?" मी पुढे झालो. "दोन खराब आहेत. तिसरा नुसता सैल आहे."

"सैल आहे तो सगळ्यात आत आहे, साहेब. तो बदलायचा तर बाहेरचे दोन काढावेच लागतात. जुना तसाच ठेवला आणि महिन्याने तुटला, तर पुन्हा सगळं खोलायचं. उगाच दुप्पट काम."

लबाडी नेहमी काटकसरीच्या कपड्यात येते, असं माझ्या ओठांवर आलं होतं, पण बायको बघत होती.

त्या रात्री मी गॅरेज बंद व्हायच्या आत परत गेलो, "कागद राहिलाय" असं सांगून बॉनेट उघडलं आणि तिन्ही जुन्या पट्ट्यांच्या आतल्या बाजूला बॉलपेनने माझी सही आणि तारीख टाकली. म्हणजे उद्या त्याने जुने पट्टे म्हणून तिसऱ्याच गाडीचे माझ्या हातात ठेवले तर तिथल्या तिथे पकडता येईल. दुसऱ्या दिवशी सोमवारी मी रजा काढली आणि सकाळी दहापासून त्याच्यासमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर ठाण मांडून बसलो.

त्याने नव्या पट्ट्यांची खोकी आणली. मी पुस्तक उघडून आकडे ताडून पाहिले. एका खोक्यावर शेवटचा आकडा वेगळा होता. मी ते लक्षात आणून दिलं. मिस्त्रीने खोकं हातात घेतलं, उलटं केलं आणि मला परत दिलं. मी ते उलटं धरलं होतं. मी पुस्तक मिटलं.

मिस्त्रीने आधी बाहेरचे दोन पट्टे उतरवले. मग डायनॅमोकडे वळला. डायनॅमो एका वाकड्या पट्टीवर बसवलेला असतो, त्या पट्टीत लांबट खाच असते आणि खाचेतून एक बोल्ट जातो. बोल्ट सैल केला की डायनॅमो मागेपुढे सरकतो, सरकवून पट्टा ताणायचा आणि बोल्ट घट्ट करायचा. मला हे इतकं तपशिलात माहीत आहे, कारण मी त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होतो. नवा पट्टा चढवून त्याने दांडक्याने डायनॅमो मागे रेटला आणि पट्ट्यावर अंगठा टेकला.

"थांबा," मी म्हणालो आणि खिशातली फूटपट्टी काढली.

"साहेब, फूटपट्टी बाजूला घ्या."

"किती खाली जातो ते मोजतो."

"बघा," तो म्हणाला आणि अंगठा दाबून धरला. माप बरोबर निघालं. तीन वेळा मोजलं, तिन्ही वेळा बरोबर. इतकी अचूकता मी फक्त ज्यांना आपली तपासणी होणार हे आधीच ठाऊक असतं अशा दुकानात पाहिली आहे.

जुने पट्टे त्याने पिशवीत घालून दिले. सह्या माझ्याच होत्या. मला थोडी निराशा झाली, खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी बायको आली तेव्हा मिस्त्रीने गाडी चालू केली. आवाज नाही. बायकोचा चेहरा इतका खुलला की क्षणभर माझ्याही मनातली जळमटं निघून गेली. तेवढ्यात हात पुसता पुसता मिस्त्री म्हणाला, "आठ-दहा दिवसांनी एकदा दाखवून जा. नवा बेल्ट चालला की जरा सैल पडतो, पुन्हा ताणावा लागतो. पाच मिनिटांचं काम आहे. पैसे नाही घेणार."

पैसे नाही घेणार! माझे कान टवकारले. सव्वीस वर्षांत मला फुकट चहा अनेकांनी दिला आहे, आणि ज्यांनी ज्यांनी दिला त्यांचे काटे मी दोनदा तपासले आहेत. ज्याने आज काम पुरं केलं तो परत का बोलावतो? जाळ्यात सापडलेला मासा पुन्हा एकदा बघायला? घरी येताच मी बायकोला निक्षून सांगितलं, "परत त्या गॅरेजची पायरी चढायची नाही. मीही नाही आणि तूही नाही. तो पट्टा ताणायच्या निमित्ताने आत दुसरं काहीतरी ढिलं करून ठेवेल आणि मग महिन्याला एक खर्च काढेल."

"बरं," बायको म्हणाली.

आता, काम संपल्यावर काट्याला सील मारणं हा आमच्या खात्याचा नियम आहे. सील तुटलं म्हणजे कुणीतरी हात लावला. मी बायकोच्या कपाटातून लाल नेलपॉलिश घेतलं, खाली गेलो आणि डायनॅमोच्या त्या बोल्टच्या डोक्यावरून खाचेच्या पट्टीवर उतरणारी एक सरळ लाल रेघ ओढली. बोल्ट केसभर जरी सरकला तरी रेघ तुटेल आणि मूळ जागा कुठली होती तेही कळेल. शिवाय रोज संध्याकाळी किलोमीटरचा आकडा एका वहीत लिहायला सुरुवात केली. बायकोचं तिच्या आईकडे जाणंयेणं धरून हिशेब चोख लागत होता.

आठव्या दिवशी, मंगळवारी, संध्याकाळी बायको म्हणाली, "जरासा आवाज आला हो आज सकाळी."

"कसला?"

"तोच. बारीक, पण तोच."

"मला नाही आला."

"तुम्ही बसमध्ये होतात."

"मनाचे खेळ असतात," मी म्हणालो. "त्याने बेल्ट सैल पडेल असं सांगून ठेवलंय, म्हणून तुला येतोय." ती आत गेली, आणि मी तो विषय मिटला असं समजून किलोमीटरचा आकडा लिहायला खाली गेलो.

नवव्या दिवशी, बुधवारी, वहीत घोळ झाला. बुधवारी गाडी कुठे जात नाही. तरी आकडा दोन किलोमीटरने पुढे होता! दोन किलोमीटर म्हणजे घर ते गॅरेज आणि परत, वर थोडी चक्कर. माझ्या डोळ्यांसमोर गॅरेजसमोरचा तो किल्लीवाला उभा राहिला. सोमवारी दिवसभर आमची किल्ली मिस्त्रीच्या टेबलावर पडलेली होती. सगळं जुळत होतं. मी खाली धावलो, बॉनेट उघडलं. लाल रेघ तुटली होती! बोल्टवरची अर्धी रेघ पट्टीवरच्या अर्ध्या रेघेपासून चांगली पाव बोटभर लांब गेलेली.

आपला संशय खरा निघाल्यावर माणसाला दुःख व्हायला हवं. मला झालेला आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही.

पंच म्हणून मी शंभर टक्क्यांना बोलावलं. त्यांनी रेघ बघितली, बोट लावलं आणि "छेडछाड झालीये, शंभर टक्के," असं सांगून माझ्या वहीत तसं लिहून सही केली. बायकोला काही सांगायचं नाही असं आमचं ठरलं. तपास चालू असताना घरच्यांना गुंतवायचं नसतं. शिवाय तपासणी परवावर आलेली, ती आधीच रोज रात्री फ्रिजवरचं पत्र वाचत होती. तिला आणखी घोर कशाला?

मी शंभर टक्क्यांचा पाना आणला. दोघांनी मिळून बोल्ट सैल केला, डायनॅमो हाताने रेटला आणि लाल रेघेची दोन्ही अर्धी एकमेकांना तंतोतंत भिडतील अशा जागी आणून बोल्ट पुन्हा आवळला. गाडी मिनिटभर चालू करून पाहिली. आवाज नाही. वर ताजं नेलपॉलिश लावलं. त्या रात्री मी शांत झोपलो.

शुक्रवारी तपासणी केंद्राच्या रांगेत आमचा नंबर सतरावा होता. चालवत मी होतो, कारण अशा प्रसंगी घरातल्या पुरुषाने पुढे असावं असं मला वाटत होतं. बायको शेजारी कागदांची फाइल दोन्ही हातांनी धरून बसली होती. तपासणाऱ्या तरुण बाई खिडकीशी आल्या.

"दिवे लावा. आता एसी लावा. वायपर. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवा."

मी स्टिअरिंग वळवलं आणि गाडीने जी किंकाळी फोडली ती जुनी किंकाळी काहीच नव्हती असं वाटायला लावणारी होती. रांगेतले लोक गाड्यांतून उतरले. शेडमधल्या कबुतरांचा थवा उडाला. समोर बॅटरीचा लाल दिवा लागला आणि आमच्या हेडलाइट डोळे मिटल्यासारख्या पिवळ्या पडल्या.

"आवाज कसला आहे?" बाईंनी विचारलं.

"परवापर्यंत नव्हता," मी म्हणालो. "यामागे एक इतिहास आहे. माझ्याकडे वही आहे..."

"बेल्ट सैल आहे," त्या कागदावर लिहीत म्हणाल्या. "चार वाजायच्या आत ठीक करून आणलीत तर आजच्याच तारखेत धरते. नाहीतर नवीन अर्ज करावा लागेल, आणि तुमची मुदत उद्या संपते."

तेव्हा पावणेदोन वाजले होते. मी बायकोकडे बघितलं. तिने आपला सीटबेल्ट आधीच काढला होता.

"उतरा," ती म्हणाली.

मी उतरलो, ती चालकाच्या जागेवर बसली, मी पलीकडे फिरून फाइल मांडीवर घेतली. एसी बंद, दिवे बंद, खिडक्या उघड्या. पूर्ण रस्ताभर गाडी ओरडत होती आणि पुढच्या गाड्या रुग्णवाहिकेला द्यावी तशी आम्हाला वाट देत होत्या. एका सिग्नलवर पोलिसाने हात दाखवला, जवळ येऊन ऐकलं आणि हाताने जा जा केलं. मला वाटत होतं, कुठेतरी पट्टा तुटेल, गाडी मधोमध उभी राहील आणि क्रेन येईल. आणि मग भंगार. सासूबाईंना काय सांगायचं? पहिल्यांदाच मला खरोखर भीती वाटली. संशयात एक प्रकारची ऊब असते, भीतीत तसं काही नसतं.

तरीही गॅरेज आल्यावर मी आधी उतरलो. मिस्त्री समोरच होता.

"आता सापडलात," मी म्हणालो. "बुधवारी आमची गाडी इथे आली होती की नाही?"

"आली होती," तो म्हणाला.

इतक्या सरळ कबुलीची मी तयारी केली नव्हती. "कुणी आणली?"

मिस्त्रीने माझ्या मागे बघितलं. बायको दार लावून उभी होती.

"मी," ती म्हणाली.

मिस्त्रीने मध्ये न पडता बॉनेट उघडलं. वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग म्हणाला, "ताई, परवा मी ताणून दिला होता. हा बोल्ट इथे नव्हता. आणि हे लाल काय आहे?"

गॅरेजमध्ये कुठेतरी रेडिओ चालू होता, तो कुणीतरी बंद केला. मला सगळं एकदम दिसलं : आठ-दहा दिवस चाललेला नवा पट्टा, सांगितल्याप्रमाणे सैल पडलेला, सांगितल्याप्रमाणे ताणून घेतलेला, आणि मग एका वजनमापं तपासनिसाने आणि एका भूगोलाच्या शिक्षकाने पंचनामा करून पुन्हा सैल केलेला. या सव्वीस वर्षांत मी असंख्य लोकांना कबुली देताना पाहिलं आहे. बहुतेक जण आधी घसा खाकरतात. मीही खाकरला.

"बोल्ट मी फिरवला," मी म्हणालो. "रेघही माझीच आहे. आधी कुठे होता ते कळावं म्हणून."

तो हसेल याची वाट बघत मी उभा राहिलो. मिस्त्री हसला नाही.

"रेघ सरळ आलीये," तो म्हणाला आणि पाना घेतला.

काम पाच मिनिटांचंच होतं. त्याने डायनॅमो मागे रेटला, अंगठ्याने पट्टा दाबला, आणि मग जरा थांबून माझ्याकडे बघितलं. मला कळेना काय हवंय.

"मोजायचं नाही का?" त्याने विचारलं.

"नको," मी म्हणालो. "असू दे."

तीन वाजून वीस मिनिटांनी आम्ही पुन्हा केंद्रात होतो. दिवे, एसी, वायपर, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे. गाडी गप्प होती. तपासणाऱ्या बाईंनी दोनदा बॉनेटवर कान लावला, मग कागद उलटला आणि विचारलं, "रंग कंसात का आहे?" त्यावर शिक्का आहे हे दाखवल्यावर त्यांनी पुढची पाच वर्षं मंजूर केली. खिडकी तीनवरून प्रमाणपत्र घेतल्यावर बायकोने ते मला न देता स्वतःच्या पर्समध्ये ठेवलं.

परतताना तीच चालवत होती. गाडीत आवाज नसला की किती शांतता असते हे मला पहिल्यांदाच कळत होतं, आणि ती शांतता माझ्या अंगावर येत होती.

"किलोमीटर लिहीत होतात," ती शेवटी म्हणाली. "वहीत."

"हो."

"नेलपॉलिश माझं."

"हो."

"खालच्यांना बोलावलंत. सही घेतलीत. माझ्याच घरात राहून, माझ्याच गाडीचा तपास केलात. हे सगळं करायच्या आधी मला एकदा विचारावंसं नाही वाटलं? 'बुधवारी गाडी कुठे नेली होतीस?' एवढंच. पाच शब्द."

तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. खरं सांगायचं तर मला लाज वाटली. तिला गाडी जाण्याची भीती होती आणि त्या भीतीत ती एकटी होती, मी तर नुसता चोर शोधत होतो. मी बाहेर बघितलं. एक माणूस दुकानाच्या फळीवर पाणी मारत होता.

"चुकलंच," मी म्हणालो. मग मला राहवलं नाही. "पण एक सांग. विचारलं असतं, तर खरं सांगितलं असतंस?"

तिने गिअर बदलला, आरशात मागे बघितलं आणि वळण घेतलं.

"नाही," ती म्हणाली.

गेल्या कितीतरी दिवसांत कुणाच्या शब्दावर माझा इतका पूर्ण विश्वास बसला नव्हता.